तेराव्या नंबरची खेळाडू

३ ऑगस्ट, रविवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी सात महिने कोरी पडून होती. आज तिला काम मिळालं, आणि मलाही.

सकाळी लेकीला, शाल्मलीला, बेंगळुरूच्या बसवनगुडीत तिच्या कॉलेजच्या कोर्टवर सोडायला गेलो होतो. तिथे त्यांचे बास्केटबॉलचे कोच प्रतापराव सर यांनी मला बाजूला घेतलं. माणूस खानापूरकडचा आहे, मराठी बोलतो पण चाल कानडी. म्हणाले, "तुम्ही आयटीवाले न्हवं? मग हे स्कोअरचं तेवढं बघा की हो. पोरी लिहायला बसल्या की गप्पा मारत्यात, आणि मॅच संपली की दोघींचे दोन आकडे." मी म्हटलं, नुसता स्कोअर कशाला, प्रत्येकीची प्रगतीच मोजू की. त्यावर ते हसले. "फायनल इयरची पोरं कुठं सुधारत्यात हो? पैल्या वर्षी शिकली तर शिकली. मग हाय तेच हाय."

मला हा प्रश्न भलताच आवडला. कॉलेजातला खेळाडू शेवटपर्यंत सुधारत राहतो, की मध्येच कुठेतरी थांबतो? या विषयावर लोक वर्षानुवर्षं तोंडाची वाफ दवडत आहेत, पण बसून मोजायचे कष्ट कुणी घेतलेले दिसत नाहीत. घरी आल्या आल्या शीट करायला घेतली. जेवायला तीन हाका मारल्या असं सुचेताचं म्हणणं आहे. मला दोनच ऐकू आल्या.

शाल्मली बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सांगितलं की मी आता रीतसर तुमच्या टीमबरोबर आहे. ती म्हणाली, "बाबा, प्लीज." आनंद झाला की या मुलींना शब्द सुचत नाहीत.

९ ऑगस्ट

शीट तयार. चौदा मुली. पॉइंट, किती बॉल टाकले आणि किती पडले याची टक्केवारी, रिंगला आपटून परत आलेले किती पकडले, हजेरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रोथ, तिला शंभरातले चाळीस मार्क. गेल्या मॅचपेक्षा या मॅचला तू कुठे आहेस?

शेवटी आमच्या कंपनीत अप्रेझलला लावतात तसा कर्व्ह लावला. थोड्या वर, बऱ्याचशा मध्ये आणि दोघी तळाला. तळाला कुणीच नाही असं होऊ शकत नाही. तसं झालंच तर आमच्याकडे मोजणाराच चुकला असं धरतात. एकवीस वर्षं मी हे करतोय. दर वर्षी कुणा ना कुणाला तळाला घालताना सुरुवातीला जीव तुटायचा, आता हात बसलाय.

भार्गवी म्हणून कॅप्टन आहे, आईवडील नागपूरचे, मुलगी चुणचुणीत. तिने विचारलं, "काका, असिस्टचा कॉलम नाही?" असिस्ट म्हणजे एकीने पास द्यायचा आणि दुसरीने बास्केट करायची, तर पास देणारीचंही नाव लिहायचं. मी तिला समजावलं की एका बास्केटचं श्रेय दोघींना दिलं तर ते डबल काउंटिंग होतं. बास्केट एक, नाव एक. ती "बरं काका" म्हणाली आणि शाल्मलीकडे बघायला लागली. शाल्मली बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

१७ ऑगस्ट, रविवार

लीगची पहिली मॅच, जिंकलो. शाल्मली १८ पॉइंट, भार्गवी १४. चौदाव्या नंबरवर रंजिता, सेकंड इयरची. येलहंक्याहून दोन बस बदलून येते. उंची आहे, पण दोनच वर्षांपूर्वी खेळायला लागली. नऊ बॉल टाकले, एक पडला.

सुचेता प्रत्येक मॅचचा व्हिडिओ काढते, तिच्या बहिणीला पाठवायला. येताना गाडीत म्हणाली, "तू मॅच बघताना मान वर कधी करतोस रे?" मी म्हटलं, डेटा एंट्री मान खाली घालूनच करावी लागते. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माझ्या कामाचं स्वरूप तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

३० ऑगस्ट

आज मोठीच गोष्ट झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोइमतूरला दक्षिणेतल्या कॉलेजांची स्पर्धा आहे. चौदापैकी बारा जणी जाणार. प्रतापराव सरांनी सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं की यादी माझ्या शीटवरून ठरेल. पंधरा नोव्हेंबरला शीट बंद, वरच्या बारा आत, खालच्या दोन बाहेर. "मग माझ्याकडं येऊन रडायचं नाही. शीटकडं जाऊन रडायचं." गेल्या वर्षी निवडीवरून त्यांच्याकडे कुणा पालकाचा मोर्चा आला होता म्हणे. माणूस विज्ञानाकडे वळला, याचा आनंद आहे.

शाल्मलीला कोइमतूरला जायचंय हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक आहे. पहिल्या वर्षी ऐन वेळी पाय मुरगळला. दुसऱ्या वर्षी टीम आधीच हरली. आता हे शेवटचं. स्पर्धेचं नाव निघालं की तिचा चेहरा शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचा तसा होतो. आजमितीला ती शीटवर पहिली आहे. बाप म्हणून बरं वाटलं, तसं इथे नोंदवायला हरकत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

कोर्टवर एक बाई माझी वाट बघत होत्या. रंजिताची आई, कस्तुराबाई. येलहंक्यात घरी शिवणकाम करतात. घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड, ‘ठीक’च्या जागी ‘सरी’. म्हणाल्या, "अण्णा, तुमीच ना ते नंबर लिहिणारे? माझ्या पोरीचं स्वल्प बघा."

मी म्हटलं, काय झालं?

"यंदा नाव आलं तर सरी. नाही आलं तर बास. तिचे मामा रोज विचारतात, खेळून काय मिळालं? मी किती दिवस तोंड देऊ? त्या स्पर्धेचं सर्टिफिकेट असलं तर पोलिसात घेतात म्हणे. नाहीतर माझ्याजवळ मशीनवर बसेल."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की नंबर लिहिणारा मी असलो तरी नंबर मिळवणारी तीच. वाक्य बरं जमलं होतं. शाल्मली बाजूला पाणी पीत उभी होती, तिलाही ऐकू गेलं असणार.

रात्री जेवताना नवल घडलं. शाल्मलीने आपणहून शीटबद्दल विचारलं. इतक्या वर्षांत मी काय काम करतो हे तिने पहिल्यांदा विचारलं असेल.

"म्हणजे बास्केट कुणी केली तेवढंच मोजतोस?"

"तेवढंच नि:संशय असतं."

"आणि जी तळाला आहे ती वर गेली तर?"

"तिला सगळ्यात जास्त मार्क. ग्रोथ."

"आणि जी वर आहे ती खाली आली तर?"

"मग तिचं काही खरं नाही."

तिने आणखी एक पोळी घेतली आणि हजेरीला किती मार्क ते विचारलं. मी पानावरून उठून लॅपटॉप आणून दाखवला. सुचेता आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला कौतुक वाटत असावं.

२१ सप्टेंबर, रविवार

रंजिता ८! शाल्मली ११.

एका मॅचवरून निष्कर्ष काढू नये, पण दिशा कळते. नवी मुलगी वर चाललीय, जुनी थकलीय. आज तर शाल्मली रिंगच्या खाली एकटी, समोर कुत्रंसुद्धा नाही, नुसता हात वर करायचा होता. तिने बॉल मागे रंजिताला दिला. मी पेन आपटलं. शिवाय अधूनमधून ती समोरच्या टीमच्या मुलीच्या वाटेत जाऊन नुसतीच उभी राहते. ती मुलगी हिच्यावर आदळते आणि तेवढ्यात रंजिता मोकळी होऊन बास्केट करते. रंजिताला मोकळी जागा हेरायची समज आलीय, हे मान्य करायला हवं. उभं राहण्यात शाल्मलीचं काय कौशल्य ते मला कळलं नाही.

दुसरं म्हणजे शाल्मली हल्ली पहाटे साडेपाचला प्रॅक्टिसला जाते. रंजिताही पहिली बस पकडून येते म्हणे. दोघींचा सराव सारखाच, पण एकीचा आकडा चढतो आणि एकीचा उतरतो. म्हणजे एका टप्प्यानंतर सरावाचाही उपयोग संपतो. हे स्वतंत्रपणे लिहून काढण्यासारखं आहे.

१ ऑक्टोबर

आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. कोर्टवर सगळे बॉल ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. प्रतापराव सरांची शिट्टी, हवा भरायचा पंप, सगळ्यांची पूजा. कोर्टच्या तोंडाशी कोहळा फोडला. मग सर म्हणाले, "अन् तुमचा लॅपटॉप? यंदाचं आमचं हत्यार तर तेच हाय." ठेवला पाटावर. रंजिताने त्याच्यावर फूल वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. मला गहिवरून आलं. कुंकू कीबोर्डमध्ये गेलंय, एंटर दाबला की करकरतो.

१४ ऑक्टोबर

डोकं फिरलंय.

ऑफिसमध्ये अप्रेझल झालं. माझा मॅनेजर रणवीर, वय चौतीस. समोर लॅपटॉप उघडून म्हणाला, "पद्मनाभ जी, ग्रोथ नहीं दिख रही." पाचापैकी तीन. सलग चौथ्या वर्षी तीन.

का, तर माझ्या नावावर बंद झालेली कामं कमी. अरे, असणारच! नव्या पोरांचं अडलं की ती माझ्याकडे येतात. मी अर्धा दिवस त्यांच्याजवळ बसून गाठ सोडवून देतो आणि काम त्यांच्या नावावर बंद होतं. त्यांना चार, पाच. मला तीन. जे मी केलं म्हणून त्यांना जमलं, ते याच्या शीटमध्ये कुठेच नाही. मी त्याला म्हटलंसुद्धा. तर म्हणतो, वो तो सब्जेक्टिव्ह है. माणसाचं काम असं मोजतात का? समोरच्याने जरा डोळे उघडून बघायला काय होतं? संताप संताप झाला.

संध्याकाळी मन रमवायला टीमची शीट अपडेट केली. रंजिता नववी. शाल्मली दहावी.

८ नोव्हेंबर

आजच्या मॅचला शाल्मलीचे सहा पॉइंट. रंजिताचे पंधरा. टीम मात्र सलग सातवी मॅच जिंकली. कमाल आहे, इतकी मोठी खेळाडू घसरूनही टीमला काही फरक पडत नाही. अशी माणसं कंपनीतही असतात.

बाप म्हणून नाही, पण एक मेंटॉर म्हणून तिच्याशी बोलणं भाग होतं. गांधी बाजारजवळ डोसा खायला नेलं आणि समोरासमोर बसून फीडबॅक दिला. म्हटलं, तुझा आलेख ऑगस्टपासून खाली येतोय. तुला काही अडचण आहे का? काही लपवतेयस का?

"कट-ऑफ पंधरालाच ना?"

"पंधरालाच. त्याआधी उद्याची एकच मॅच."

"रंजिता कितवी आहे?"

"आठवी."

"मग उद्या धरून सेफ आहे ती."

मी म्हटलं, तू रंजिताची काळजी सोड, स्वतःचं बघ. ती डोशाची कड तोडत बसली. मग म्हणाली, "बाबा, समज, मी नाही गेले कोइमतूरला, तर तुला वाईट वाटेल?" मी म्हटलं, आकड्यांना वाईट वाटत नाही. ती हसली आणि चटणी आणायला उठली. हिच्यातली ईर्ष्याच संपली आहे. बापाचं काळीज तुटतं, पण सत्य ते सत्य.

१५ नोव्हेंबर

शीट बंद.

शाल्मली तेरावी.

चौदावीच्या पायाला ऑगस्टअखेरीपासून प्लास्टर आहे, ती तशीही जाणार नव्हती. म्हणजे खऱ्या अर्थाने बाहेर गेली ती एकटी माझी मुलगी.

इथे खोटं लिहायचं नाही. दुपारी घरात कुणी नसताना मी ग्रोथचे मार्क चाळिसावरून तीस करून पाहिले. शाल्मली अकरावी आली. पाच मिनिटं तसंच ठेवलं. एका आकड्याचा प्रश्न होता, कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मग माझ्यात आणि गेल्या वर्षी मोर्चा घेऊन आलेल्या त्या पालकात फरक काय? परत चाळीस केले. प्रिंट काढली, खाली सही केली आणि सरांना नेऊन दिली. त्यांनी कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "नक्की न्हवं?" मी म्हटलं, शीट म्हणजे शीट. आज मला स्वतःबद्दल आदर वाटला, हे कबूल करतो.

घरी सांगितलं. कुकरचं झाकण सुचेताने असं काही आपटलं की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असेल. शाल्मलीने एवढंच विचारलं, "रंजिता?" मी म्हटलं, सहावी. ती "अरे वा" म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. मी बाहेरून सांगितलं की यात वैयक्तिक काही नाही.

२२ नोव्हेंबर

लीगची शेवटची मॅच. कोइमतूरला जाणाऱ्या मुख्य खेळाडूंना दुखापत व्हायला नको म्हणून सरांनी रंजिताला आणि भार्गवीला बसवून ठेवलं, आणि शाल्मलीला पूर्ण वेळ खेळवलं. शीट बंद झालेली, त्यामुळे मी लॅपटॉप नेलाच नव्हता. हातांचं काय करावं ते कळेना. मग बघत बसलो.

काय लिहू? ती मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. डावीकडे बघते आणि उजवीकडे जाते. दोघी तिघी अंगावर आल्या तर त्यांच्यामधून जाते, आणि तेही घाई नाही, गडबड नाही, भाजीला निघाल्यासारखी. लांबून टाकले तर रिंगला न लागता आत. मध्येच एका फर्स्ट इयरच्या मुलीला बोटाने खूण केली, तिकडे जा. ती गेली, आणि ती तिथे पोचायच्या आधी बॉल तिथे पोचलेला. ऑगस्टमध्ये ती अशी खेळत नव्हती. निदान मला दिसली नव्हती.

मॅच संपल्यावर सर म्हणाले, एकोणतीस. मी सोळापर्यंत मोजले होते, पुढचं मोजायचं राहून गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुचेताकडून सगळे व्हिडिओ मागून घेतले. तिने फोन काढून दिला आणि म्हणाली, "बघ आता सावकाश." सकाळपासून बसलो. भार्गवीने सांगितलेला कॉलम शेवटी केला. सप्टेंबरपासून रंजिताच्या अडतीस बास्केट. त्यातल्या एकतीस वेळा बॉल शाल्मलीच्या हातून आलेला. उरलेल्या सातांपैकी पाच वेळा शाल्मली कुणाच्या तरी वाटेत उभी.

चूक सापडली! रंजिताचा आकडा फुगलेला आहे. मी लगेच प्रतापराव सरांना फोन केला. ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत एक नाव बदलायला येतंय. पण कुणाला काढू ते तुम्हीच लिहून द्या. सही तुमची हाय."

मी शाल्मलीच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की मोजणीत दोष होता, तो मी शोधून काढलाय, रंजिताला काढून तुला घेता येईल. मला वाटलं गळ्यात पडेल.

ती म्हणाली, "दोष नव्हता. मीच केलं ते."

"काय केलंस?"

"बाबा, तुझ्या शीटमध्ये दोघी तळाला जाणारच होत्या. प्लास्टरवाली एक, आणि दुसरी रंजिता. मग मी तिला पास द्यायला लागले."

"म्हणजे तिचे पॉइंट खोटे?"

"खोटे कसे? बॉल तिनेच टाकले ना रिंगमध्ये? पहाटे दोन दोन तास घाम गाळलाय तिने. ती खरंच सुधारलीय. फक्त तुझ्या शीटला ते दिसायला आणखी एक वर्ष लागलं असतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. तिच्या आईने तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तू तिथेच होतास."

मी होतो तिथे. मी वाक्य जुळवत होतो.

"तिला द्यायचेस. पण तू का खाली गेलीस? तू राहिली असतीस वर."

"एक बास्केट, एक नाव. तिला दिली की माझी गेली. आणि मी राहिले असते तर कोण गेलं असतं? बाराव्या नंबरवरची ती फर्स्ट इयरची पोर? तिने काय केलंय?"

मी म्हटलं, तुला जायचं नव्हतं का?

"मला जायचं होतं रे," ती म्हणाली. "खूप जायचं होतं."

आणि म्हणाली, रंजिताला यातलं काही कळता कामा नये. आपण दान घेतलं असं तिला वाटलं तर तिचा हात थरथरायला लागेल, आणि मग ती खरंच तळाला जाईल. प्रतापराव सरांना मी फोन करून कळवलं की माझीच गफलत झाली, नाव बदलायचं नाही. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "मला दिसत होतं हो. पण तुमची शीट होती, आणि मला मोर्चा नको होता." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. ही मुलगी वाटेल तिला सहाव्या नंबरवर नेऊन बसवू शकते, आणि मी तिला डोसा खायला घालून सांगितलं की तुझी ईर्ष्या संपली.

३० नोव्हेंबर, रविवार

टीम गेली. दुपारची गाडी होती. शाल्मलीला स्टेशनवर निरोप द्यायला यायचं होतं, मी सोडायला गेलो. सुचेता म्हणाली, तुम्हीच जा दोघं.

प्लॅटफॉर्मवर बारा मुली, नवे ट्रॅकसूट, नुसता कलकलाट. रंजिताच्या ट्रॅकसूटला आखूड पडणाऱ्या बाह्या आईने जोड देऊन वाढवल्या होत्या. शाल्मली तिला खांद्याला धरून काहीतरी समजावत होती, हाताने रिंग दाखवत, आणि रंजिता मान डोलवत होती. तेवढ्यात कस्तुराबाई माझ्याकडे आल्या. हातात चिरोट्यांचा डबा. डबा माझ्या हातात दिला आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागल्या. मी मागे सरकलो.

"अण्णा, तुमच्या शीटमुळे झालं हे. तिच्या मामाला मी कागद दाखवला. सहावा नंबर. गप्प बसला."

मी म्हटलं, मुलीने मेहनत केली.

"ते सरी. पण बघणारा पाहिजे ना कुणीतरी." मग त्यांनी शाल्मलीकडे बघितलं. ट्रॅकसूट नव्हता, साध्या कपड्यांत होती. "तुमची मुलगी पण टीममध्येच ना? शेवटचं वर्ष ना तिचं? ती का नाही चाललेली?"

तोवर दोघी मुली आमच्या जवळ आल्या होत्या. रंजिता माझ्याकडे बघत होती. शाल्मलीसुद्धा. गेले दोन महिने हे वाक्य मी ऑफिसमध्ये, सोसायटीत, लिफ्टमध्ये, ज्याला त्याला ऐकवलं होतं, तेही छाती पुढे काढून. आज ते म्हणताना मी हातातल्या डब्याकडे बघत होतो.

"तिचा खेळ थांबला हो," मी म्हटलं. "दुसऱ्या वर्षानंतर काही सुधारणाच नाही."

कस्तुराबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी शाल्मलीच्या गालावरून हात फिरवला. "असू दे अक्का. सगळ्यांनाच येत नाही. तू प्रयत्न तर केलास ना?"

"हो काकू," शाल्मली म्हणाली. "केला."

गाडी सुटेपर्यंत ती हसत होती, हात हलवत होती. शेवटचा डबा प्लॅटफॉर्मवरून गेला आणि मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी तिच्याजवळ उभा राहिलो. बोलण्यासारखं जे होतं ते मी आधीच सही करून देऊन बसलो होतो.

घरी आलो तर सुचेता दारातच होती. शाल्मली आत तोंड धुवायला गेली. माझ्या हातातल्या डब्याकडे बघून सुचेताने विचारलं, "काय म्हणाल्या त्या बाई?"

"आभार मानले."

"कुणाचे?"

"माझे," मी म्हणालो.